बोटं कुणी दाबून पाहिलीच नाहीत

डिसेंबर २०२४ च्या पहिल्या आठवड्यात अक्का दवाखान्यात आल्या तेव्हा त्यांच्या पापण्या सुजलेल्या नव्हत्या. हे माझ्या लक्षात यायला दहा मिनिटं गेली.

आठ वर्षं मी त्यांना सुजऱ्या पापण्यांसकट ओळखत होतो. इमॅटिनिब ही रक्ताच्या एका कॅन्सरवरची गोळी घेणाऱ्या पुष्कळ जणांच्या डोळ्यांभोवती पाणी साठतं. सकाळी जास्त असतं, दुपारपर्यंत थोडं उतरतं. अक्कांचा तो चेहराच होऊन गेला होता. त्या दिवशी मात्र पापण्या सपाट होत्या आणि गाल भरलेले, गोल, तुकतुकीत. सोबत आलेली सून म्हणाली, "आता बऱ्या आहेत डॉक्टर. दुखणं गेलंय. तहान तेवढी सारखी लागते, आणि रात्री चार-पाचदा उठतात." बोटाला टोचून साखर पाहिली तर २८६. अक्कांना मधुमेह कधीच नव्हता.

सोलापूरच्या पूर्वभागात माझा दवाखाना आहे. एमबीबीएस आहे, कॅन्सरचा किंवा संधिवाताचा तज्ज्ञ नाही. हे प्रकरण अक्कांच्या परवानगीनं लिहितोय. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत, औषधं, आकडे आणि क्रम ठेवला आहे. लिहायचं कारण एवढंच की रक्ताच्या कॅन्सरबरोबर वर्षानुवर्षं नीट जगणाऱ्या माणसाचे सांधे दुखायला लागले की ते दुखणं कुणी वेगळं मोजत नाही. ते आधीच्या आजाराच्या खात्यावर टाकलं जातं आणि तिथंच पडून राहतं. अक्कांच्या बाबतीत ते तसं टाकणारा पहिला माणूस मी होतो.

आधीचा आजार

अक्का ४९ वर्षांच्या. विडी कामगार. लग्नाआधीपासून, म्हणजे बाराव्या-तेराव्या वर्षापासून विड्या वळतात. राहणं कुंभारीच्या विडी घरकुलात, मोठा मुलगा टॉवेलच्या कारखान्यात. घरी तेलुगू, बाहेर मराठी.

२०१६ च्या उन्हाळ्यात त्या पोटात डावीकडे जड लागतं म्हणून आल्या होत्या. पांथरी, म्हणजे प्लीहा, बेंबीपर्यंत हाताला लागत होती. पांढऱ्या पेशी १ लाख ८४ हजार. तपासणीत बीसीआर-एबीएल हा जोडजनुक सापडला आणि क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे सीएमएल, असं निदान झालं. या आजारात ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होऊन एकमेकांना जोडले जातात आणि त्यातून पेशींना सतत 'वाढा' असं सांगणारं प्रथिन तयार होतं. इमॅटिनिब त्या प्रथिनाला अडवतं. पाश्चात्त्य देशांत हा आजार साठीच्या आसपास गाठतो. आपल्याकडे चाळिशीतले, तिशीतले रुग्णही भरपूर दिसतात, म्हणजे कमावती माणसं.

२००१ मध्ये हे औषध आलं आणि सीएमएल हा काही वर्षांत संपवणारा आजार राहिला नाही. इमॅटिनिबच्या मूळ मोठ्या चाचणीत, आयरिसमध्ये, हे औषध मिळालेल्या गटातले सुमारे ८३ टक्के रुग्ण १० वर्षांनंतर हयात होते. आपल्याकडे १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयानं या औषधाच्या नव्या रूपाला पेटंट नाकारलं आणि देशी कंपन्यांची स्वस्त गोळी बाजारात टिकली. विड्या वळणाऱ्या बाईच्या पत्र्याच्या डब्यात ४०० मिलिग्रॅमची गोळी आठ वर्षं नियमित असू शकते, त्यामागं हा निकाल आहे.

अक्कांनी गोळी चोख घेतली. जेवणानंतर, तांब्याभर पाण्याबरोबर. २०१८ पासून त्यांचा बीसीआर-एबीएल ०.१ टक्क्याच्या खाली होता, जून २०२४ मध्ये ०.०२ टक्के. सीएमएलच्या भाषेत ही उत्तम स्थिती. आणि इथंच एक गोष्ट आम्ही सगळे विसरलो. माणूस चाळिशीतून पन्नाशीत, साठीत जायला लागला की त्या वयाचे बाकीचे आजारही त्याला होणार. कॅन्सर झालेल्या बाईला संधिवात व्हायचा नाही असा काही नियम नाही.

जुलै ते डिसेंबर

जुलैच्या अखेरीस उजव्या हाताची बोटं आखडायला लागली. विडीचं काम बघितलेलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. रात्री भिजवून ओल्या फडक्यात ठेवलेली तेंदूची पानं, मांडीवर सूप, सुपात तंबाखू. पान कात्रीनं मापात कापायचं, तंबाखू पसरायची, अंगठा आणि दोन बोटांत वळायचं, तोंड आत मुडपायचं, धागा गुंडाळायचा. एका विडीत बोटांच्या लहान सांध्यांच्या सात-आठ हालचाली होतात आणि दिवसाला हजार विड्या. अक्का म्हणाल्या, "सकाळी कात्रीत बोटं जातच नाहीत. अकराला जातात."

हे वाक्य त्यांनी मला ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सांगितलं. कार्डावर मी ते लिहिलंसुद्धा आहे: 'सकाळी बोटं आखडतात.' त्याखाली मी लिहिलं: इमॅटिनिबमुळे अंगदुखी? आणि डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाचं इंजेक्शन, पाच दिवसांच्या गोळ्या, कॅल्शियम दिलं. बाहेर वीस माणसं बसलेली होती. २०२४ चा तो पावसाळा तापाचा होता. पुण्यात, नागपुरात चिकुनगुन्याची मोठी लाट होती आणि सांधे धरलेला प्रत्येक माणूस चिकुनगुन्याचाच वाटायचा. अक्कांना ताप आला नव्हता, तरी मी चिकुनगुन्याची तपासणी केली. निगेटिव्ह आली. मग माझ्या डोक्यात गोळीचंच दुखणं उरलं.

या अंदाजाला आधार नव्हता असं नाही. इमॅटिनिबनं स्नायूंत गोळे येतात, हाडं आणि सांधे दुखतात. हे औषध बीसीआर-एबीएलशिवाय शरीरातल्या आणखी काही प्रथिनांना अडवतं, त्यात हाडांच्या घडणीशी संबंध असलेलंही एक आहे, आणि काहींच्या रक्तातलं फॉस्फरस त्यानं उतरतं. पण ते दुखणं बहुधा औषधाच्या सुरुवातीच्या महिन्यांत दिसतं. अक्कांचा डोस आठ वर्षं तोच होता, कंपनीही बदललेली नव्हती. आठ वर्षं न दुखवलेल्या गोळीनं अचानक जुलैमध्ये, तेही नेमके बोटांच्या मुळाशी असलेले सांधे का धरावेत, हा प्रश्न मी स्वतःला विचारायला हवा होता.

सप्टेंबरमध्ये त्या हाडांच्या डॉक्टरांकडे गेल्या. तोवर घोटे आणि पावलांचे पुढचे सांधेही दुखत होते. तिथं गुडघ्यांचा एक्स-रे निघाला, वयानुसार झीज असं सांगितलं गेलं आणि वेदनाशामक मिळालं. "तुमची ती गोळी चालू आहे, म्हणून जास्त काही देत नाही. रक्ताच्या डॉक्टरांना विचारा." त्याच महिन्यात मोठ्या शहरातल्या रक्तविकाराच्या ओपीडीची सहामाही तारीख होती. तिथं पेशींचा अहवाल पाहून सांगितलं, रक्त एकदम छान आहे, सांध्यांचं तिकडं गावात हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.

दोघांचंही बोलणं आपापल्या जागी खोटं नव्हतं. एकानं अनोळखी औषधाशी खेळायचं टाळलं, दुसऱ्यानं आपल्या कक्षेतली तपासणी नीट केली. पण सोलापूरहून रात्रीच्या गाडीनं निघून, ओपीडीत सहा तास बसून, 'छान आहे' ऐकून परत आलेल्या बाईची बोटं सकाळी कात्रीत जात नव्हतीच. मधल्या काळात मेडिकलमधून वेदनाशामक चालूच. कधी दिवसाला दोन, कधी तीन. औषधांच्या दुकानात कुणी विचारत नाही आणि कॅन्सरच्या फाईलमध्ये ते कुणी लिहीत नाही.

दसऱ्याच्या दिवशी अक्कांनी इमॅटिनिब बंद केली. कुणालाही न सांगता. त्यांचा हिशेब मी नंतर ऐकला तेव्हा त्यात मला कुठंही वेडेपणा दिसला नाही. डॉक्टरांनी म्हणजे मी सांगितलं होतं की गोळीमुळे दुखतंय. दुसऱ्या डॉक्टरांनी गोळीमुळेच जास्त औषध देता येत नाही म्हटलं. तिसऱ्यांनी रक्त छान आहे म्हटलं. मग गोळी थोडे दिवस थांबवून बघायला काय हरकत? तीन डॉक्टरांची तीन वाक्यं एकापुढे एक ठेवली तर हाच अर्थ निघतो.

लक्ष्मीपूजनाला अक्कांना हात वर करून केस विंचरता येईना. खांदे, मांड्या, कंबर, सगळं अंग ठणकायला लागलं. रांगोळी सुनेनं काढली, अक्का अंथरुणावरून उठल्या नाहीत. गोळी बंद करून बरोबर तिसरा आठवडा होता.

हे मला त्या वेळी कळलं असतं तरी मी ओळखलं असतं की नाही, शंका आहे. इमॅटिनिबसारखी औषधं थांबवल्यावर एक ते सहा आठवड्यांत काहींना तीव्र स्नायू-सांधेदुखी सुरू होते. स्वीडनच्या डॉक्टरांनी २०१४ मध्ये याकडे लक्ष वेधलं. देखरेखीखाली औषध थांबवलेल्या रुग्णांत साधारण दहातल्या तिघांना असा त्रास झाला होता. खांदे आणि नितंबांभोवती जास्त, काहींत हातपायांतही. बहुतेकांचं काही महिन्यांत शमतं, औषध पुन्हा सुरू केलं तर लवकर. म्हणजे जी गोळी दुखण्याचं कारण समजून अक्कांनी सोडली, ती सोडल्यानंच दुखणं दुप्पट झालं. त्यांना वाटलं, गोळी तर बंद आहे, तरी वाढतंय, म्हणजे कॅन्सर हाडांत गेला.

इतकी भीती बसल्यावर माणूस कुठंही जातो. आठवडी बाजारात सांधेदुखीच्या पुड्या विकणारा एक जण बसतो. तपकिरी भुकटी, कागदात बांधलेली, सकाळ-संध्याकाळ एक. दुसऱ्या दिवशी अक्का उठून बसल्या. चौथ्या दिवशी सूप मांडीवर घेतलं. आठवड्यात रोज ७०० विड्या व्हायला लागल्या. "डॉक्टर, चार महिन्यांत पहिल्यांदा रात्रभर झोपले मी," हे त्या मला सांगत होत्या तेव्हा त्यांच्या आवाजात त्या माणसाबद्दल खरी कृतज्ञता होती. मी ती खोडून काढली नाही. आम्ही कुणीच त्यांना तेवढं दिलं नव्हतं.

त्या दिवशीची तपासणी

पापण्यांकडे लक्ष गेल्यावर मी विचारलं, "अक्का, रोजची गोळी चालू आहे ना?" त्या "हो" म्हणाल्या. सुनेनं जमिनीकडे बघितलं. मी म्हटलं, उद्या डबा घेऊन या. दुसऱ्या दिवशी डबा आला. वर बिस्किटांचं नाव असलेला जुना पत्र्याचा, आत इमॅटिनिबच्या पट्ट्या न फोडलेल्या, रबराच्या कड्यात. आणि बाजूला चार पुड्या. मी काही बोललो नाही. अक्काच बोलल्या, तेलुगूत सुनेशी, मग मराठीत माझ्याशी, आणि जुलैपासूनचं सगळं तारीखवार बाहेर आलं. सणवारांनी त्यांना तारखा पक्क्या आठवत होत्या: नागपंचमीला काय दुखत होतं, गौरीला काय, दसऱ्याला, दिवाळीला.

ते मी कोऱ्या कागदावर उतरवलं. एक आडवी रेघ, वर सण, खाली काय दुखतं आणि कोणतं औषध चालू होतं. रेघ पूर्ण झाली तेव्हा एका ठिकाणी दोन दुखणी दिसली. पहिलं जुलैपासूनचं, गोळी चालू असतानाचं: हातापायांचे लहान सांधे, दोन्ही बाजूंना सारखे, सकाळी दोन-तीन तास आखडलेले. दुसरं दिवाळीतलं, गोळी बंद केल्यावरचं: खांदे, कंबर, मांड्या. अक्कांनाही हा फरक ठाऊक होता. "पहिलं बोटांत होतं. दुसरं अंगात भरलं," त्या म्हणाल्या. ऑगस्टपासून त्यांना हे कुणी विचारलंच नव्हतं.

मग मी त्यांचा हात हातात घेतला आणि बोटांच्या मुळाशी असलेले सांधे दोन्ही बाजूंनी, हस्तांदोलन करताना दाबतो तसे दाबले. अक्कांनी हात ओढून घेतला. पुड्यांचा असर चालू असतानासुद्धा. तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मुळाशी खळगी असायला हवी तिथं मऊ, भरल्यासारखी सूज होती. पावलांचे पुढचे सांधे दाबल्यावरही तसंच. या तपासणीला पैसे लागत नाहीत, यंत्र लागत नाही, अर्धा मिनिट लागतो. ऑगस्टमध्ये मी ती केली नव्हती. नंतरही कुणी केली नव्हती. एक्स-रे गुडघ्यांचा निघाला, कारण बायका 'सांधे दुखतात' म्हणाल्या की आपण गुडघेच बघतो.

अहवाल आले ते असे. पांढऱ्या पेशी १३,४००. प्रयोगशाळेतल्या मुलानं "वाढल्यात" म्हटल्यावर अक्कांचा मुलगा धावत माझ्याकडे आला होता, कॅन्सर उलटला म्हणून. पण पेशींचा तपशील पाहिला तर त्यात कच्च्या पेशी नव्हत्या, बेसोफिल जातीच्या पेशी वाढलेल्या नव्हत्या, फक्त न्यूट्रोफिल जातीच्या जास्त होत्या. स्टेरॉइडनं पेशी अशाच वाढतात. पुड्यांत स्टेरॉइड असल्याचा संशय साखर आणि गालांवरून आलाच होता. सकाळी आठचं कॉर्टिसॉल, म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड, अगदी तळाला आल्यावर तो पक्का झाला. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिलं की शरीर स्वतःचं बनवणं थांबवतं. सांधेदुखीच्या निनावी पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडणं हे आपल्या देशात नवीन नाही.

क्रिएटिनिन १.५, म्हणजे चार महिन्यांच्या वेदनाशामकांनी मूत्रपिंडावर ताण आलेला. युरिक ॲसिड आणि फॉस्फरस ठीक. ड जीवनसत्त्व ९, जे आपल्याकडे इतक्या जणांचं उतरलेलं असतं की त्यावर सगळं दुखणं ढकलून मोकळं होता येत नाही. शरीरातला दाह दाखवणारा ईएसआर ७८. संधिवात घटक पॉझिटिव्ह. त्याच आजाराची दुसरी तपासणी, अँटी-सीसीपी, खूप जास्त. हातांच्या एक्स-रेमध्ये मधल्या बोटाच्या मुळाशी हाडाच्या कडेला छोटा खड्डा. अक्कांना रूमॅटॉइड आर्थरायटिस, म्हणजे आमवात होता. कॅन्सरशी त्याचा संबंध नव्हता, गोळीशीही नव्हता. बायकांमध्ये पुरुषांच्या दोन-तीनपट होणारा हा आजार त्यांना झाला होता, एवढंच.

बीसीआर-एबीएल आठवड्यानं आला: ०.४ टक्के. जूनच्या वीसपट.

इथं एक गोष्ट सांगायला हवी, कारण अर्धवट ऐकून माणसं चुकतात. सीएमएलची गोळी कायमची थांबवता येते का, तर काहींच्या बाबतीत येते. फ्रान्समधल्या २०१० च्या प्रसिद्ध चाचणीत, ज्यांच्या रक्तात दोन वर्षांहून जास्त काळ बीसीआर-एबीएल मुळीच सापडत नव्हता अशांनी इमॅटिनिब थांबवल्यावर साधारण ४० टक्क्यांचा आजार वर्षभरानंतरही परतला नव्हता. पण ती माणसं निवडून घेतलेली होती आणि सुरुवातीला दर महिन्याला त्यांची तपासणी होत होती. अक्का त्या निवडीत बसत नव्हत्या आणि त्यांची एकही तपासणी झालेली नव्हती.

पुढचे निर्णय

रक्तविकारतज्ज्ञ एका शहरात, संधिवाततज्ज्ञ बाई दुसऱ्या शहरात. दोघांनाही मी सणांच्या रेघेचा फोटो आणि सगळे अहवाल पाठवले आणि तिघांचा एकत्र फोन लावला. अकरा मिनिटं बोलणं झालं. चार महिन्यांत जे झालं नाही ते अकरा मिनिटांत झालं, आणि मला त्याबद्दल अजूनही वाईट वाटतं, कारण तो फोन ऑगस्टमध्येही लागला असता.

पहिला निर्णय इमॅटिनिब पुन्हा सुरू करण्याचा. त्याआधी हिपॅटायटिस बीची तपासणी केली, कारण या गटातल्या औषधांनी दबलेला हिपॅटायटिस बी पुन्हा उसळू शकतो असा इशारा २०१६ पासून आहे, आणि पुढं संधिवाताची औषधंही द्यायची होती. निगेटिव्ह आली. त्याच दिवशी संध्याकाळी जेवणानंतर अक्कांनी गोळी घेतली.

पुड्यांचा प्रश्न जास्त नाजूक होता. मुलगा पुड्या गटारात फेकायला निघाला होता. तसं केलं असतं तर धोका होता. महिनाभर बाहेरून स्टेरॉइड घेतलेलं शरीर एकदम उघडं पडलं तर रक्तदाब पडून, उलट्या होऊन माणूस गंभीर होऊ शकतो. म्हणून पुड्यांच्या जागी मोजलेलं स्टेरॉइड, प्रेडनिसोलोन, सुरू केलं, सकाळी, नाश्त्याबरोबर, आणि दर दोन-तीन आठवड्यांनी थोडं थोडं उतरवत नेलं. साखरेची गोळी तात्पुरती दिली.

वेदनाशामकं पूर्ण बंद. दुखलं तर पॅरासिटामॉल, तेही दिवसाला २ ग्रॅमच्या आत, कारण इमॅटिनिब चालू असताना यकृतावर दुहेरी भार नको. मेडिकलवाल्याला मी स्वतः जाऊन सांगितलं, या बाईंना चिठ्ठीशिवाय दुखण्याची गोळी देऊ नका. त्यानं वहीत नाव लिहून घेतलं.

आमवाताचं औषध हा खरा चर्चेचा भाग होता. नेहमीचं पहिलं औषध मेथोट्रेक्सेट. ते रक्तपेशी बनवणाऱ्या, हाडांतल्या मज्जेवर दाब आणू शकतं आणि मूत्रपिंडावाटे बाहेर पडतं. अक्कांची मज्जा सीएमएलच्या गोळीखाली होती आणि मूत्रपिंड दुखावलेलं. 'कॅन्सर आहे म्हणून नको' असं दोघांपैकी कुणीही म्हटलं नाही, हे मला महत्त्वाचं वाटलं. 'क्रिएटिनिन खाली येईपर्यंत नको' असं म्हटलं. म्हणून आधी हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, ४६ किलो वजनाला दिवसाला २०० मिलिग्रॅम, डोळ्यांच्या पडद्याची तपासणी करून आणि ईसीजी काढून. सीएमएलची दुसरी गोळी, निलोटिनिब, चालू असती तर हे औषध इतक्या सहज दिलं नसतं, कारण दोन्हींनी हृदयाच्या ठोक्याचा एक टप्पा लांबतो.

जानेवारीअखेर क्रिएटिनिन १.० वर आलं. मग मेथोट्रेक्सेट ७.५ मिलिग्रॅम सुरू झालं, पुढं हळूहळू १५ पर्यंत. छातीचा एक्स-रे पाहून घेतला होता. पेशी आणि यकृताच्या तपासण्या सुरुवातीला दर दोन आठवड्यांनी, मग महिन्यानं.

मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. चुकून रोज घेतलं गेलं तर मज्जा बंद पडून माणूस दगावू शकतो. रोज एक गोळी घेण्याची आठ वर्षांची सवय असलेल्या बाईला ही दुसरी पिवळी गोळी देताना मला झोप लागत नव्हती. सुनेनं तोडगा काढला. इमॅटिनिब पत्र्याच्या डब्यात, अक्कांजवळ. मेथोट्रेक्सेट वेगळ्या प्लॅस्टिकच्या डबीत, विडीच्या धाग्यानं गुंडाळून, सुनेच्या कपाटात. ती डबी फक्त सोमवारी सुटते. शुक्रवारी फॉलिक ॲसिड. भिंतीवरच्या कॅलेंडरवर सोमवारी ती कुंकवाचं बोट लावते.

कुठवर आलो

खांद्यांचं, मांड्यांचं दुखणं इमॅटिनिब सुरू केल्यावर तीन आठवड्यांत ओसरलं. त्यात प्रेडनिसोलोनचाही वाटा असणार, दोन्ही एकाच वेळी सुरू झाल्यानं कशाचा किती ते वेगळं काढता येत नाही. बोटांचं दुखणं मात्र डोस उतरवत नेताना फेब्रुवारीत पुन्हा वर आलं. अक्का घाबरल्या. एकदा म्हणाल्याही, "ती पुडीच बरी होती." त्या दिवशी मी दवाखाना लवकर बंद करून त्यांच्याशी तासभर बोललो. मेथोट्रेक्सेटला पकड घ्यायला दीड-दोन महिने लागतात, तोवर दुखणार आहे हे आधीच स्पष्ट सांगायला हवं होतं. मी ते घाईत अर्धवट सांगितलं होतं. एप्रिलपासून सकाळचं आखडणं अर्ध्या तासावर आलं.

मार्चमध्ये बीसीआर-एबीएल ०.०६ टक्के, जूनमध्ये ०.०२. साखर स्टेरॉइडच्या डोसाबरोबर उतरली आणि साखरेची गोळी बंद झाली. प्रेडनिसोलोन मे महिन्यात थांबलं, त्याआधी सकाळचं कॉर्टिसॉल पुन्हा तपासून. पापण्या पुन्हा सुजल्या आहेत.

सगळं भरून आलेलं नाही. मधल्या बोटाच्या मुळाशी हाडात पडलेला खड्डा तसाच राहणार. ते बोट पूर्ण मिटत नाही, त्यामुळे विडीचं तोंड मुडपायचं काम आता सून करते आणि दोघी मिळून दिवसाला साडेआठशेपर्यंत जातात. आमवातात पहिले तीन-चार महिने फार मोलाचे असतात, या काळात उपचार सुरू झाले तर सांध्याची झीज बरीच रोखता येते. तेच महिने अक्कांचे माझ्या दवाखान्यात, हाडांच्या दवाखान्यात आणि ओपीडीच्या रांगेत गेले.

माझ्याकडे सध्या सीएमएलचे आणखी तिघं आणि क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमियाचे एक आजोबा येतात. आजोबांचा अंगठा गेल्या महिन्यात रात्रीत लाल होऊन सुजला. तो गाउट, म्हणजे युरिक ॲसिडचा संधिवात, निघाला. त्यांनाही घरच्यांनी आधी रक्ताच्याच डॉक्टरांकडे न्यायची तयारी केली होती. चौघांच्याही कार्डाला मी आता एक जास्तीचा कागद जोडला आहे. त्यावर आडवी रेघ आहे, वर सण आणि खाली मोकळी जागा.

अक्का दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात. खुर्चीत बसायच्या आधीच दोन्ही हात टेबलावर ठेवतात, तळवे खाली. मी दाबतो. मागच्या वेळी डाव्या हाताला त्यांनी कपाळाला आठीसुद्धा घातली नाही. उजव्या मधल्या बोटापाशी आल्यावर म्हणाल्या, "तिथं जरा हळू."